भात पोचट निघालं ते माझ्यामुळे

गोदावहिनी,

आज माहेरी जाऊ नकोस. आधी हे वाच.

दादा गेल्यावर यंदा पहिल्यांदा तू लावणीला उतरलीस, आणि भात पोचट निघालं. "विधवेचा पाय शेताला लागला," असं आई सगळ्यांदेखत म्हणाली. मी तिथेच उभा होतो, पण तोंड उघडलं नाही.

काल मी चार ताटं उपटून कल्याणच्या शेतकी ऑफिसात नेली. साहेबांनी विचारलं, "सल्फेटचं खत किती वेळा घातलंस?"

मी म्हटलं, "तीनदा. पानं हिरवीगार दिसली म्हणून लोंब्या निघायच्या आधी, पोटरीत आल्यावरही घातलं."

ते म्हणाले, "नुसतं सल्फेट मिळालं की भात पाल्यालाच वाढतं, दाणा भरत नाही. शेणखत, हाडांचा चुरा काहीच दिलं नाहीस?"

शेणखत घाल, असं तू मला दोनदा सांगितलं होतंस. मी हसण्यावारी नेलं.

आई कळव्याला मावशीकडे आहे. तिला आणायला जातोय. दुपारी आळीतल्या सगळ्यांना ओटीवर बोलावून तिच्यासमोर हे सांगणार आहे. तेव्हा तू घरात हवीस. माफी मी कागदावर मागत नाही, त्या सगळ्यांदेखतच मागेन.

भिवा