हात तिचे, मन माझे

मी, ब्रोनिस्लावा कोतुल्स्का, कथाकार दिवंगत सेवेरिन कोतुल्स्की यांची पत्नी, वय वर्षे त्रेसष्ट, राहणार क्राकूव्ह, बुद्धी शाबूत आणि स्मरणशक्ती नको तेवढी चांगली असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वीचे रद्द समजावे. ते मी रागात लिहिले होते. हे शांतपणे लिहिते आहे, कारण मात्र तेच.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी धाकटी बहीण ओतिलिया हिला मिळावी. तिच्याशिवाय मला आहे कोण? पियानो मात्र वस्तीतल्या शाळेला द्यावा. ओतिलियाला तो वाजवता येत नाही, पण त्याला टेकून ती फार छान उभी राहते, आणि ते मी पुष्कळ वर्षे पाहिले आहे.

२. तांब्याची कढई संग्रहालयाने मागितली आहे. देऊ नये, मोडीत घालावी. १९०७ च्या शरदात ओतिलिया आमच्याकडे तीत आलुबुखारांचा मुरंबा ढवळत होती आणि आमचे हे दारात उभे राहून तिचे हात बघत होते. ‘कढई’ ही कथा त्यातून सुचली, असे शाळेच्या पुस्तकातही आहे. मुरंबा करपला आणि कढई मी घासली, हे कुठेच नाही.

३. ‘कढई’चे हक्क. तिच्या हातांविषयी चार पाने लिहून हे अडले. जेवताना मला म्हणाले, “ढवळताना बाईच्या मनात काय येतं गं?” त्या दुपारी माझ्या मनात जे जे आले होते ते मी सांगितले, नावे तेवढी गाळून. यांनी ते शब्दन्‌शब्द उतरवले. पुरुषाने बाईच्या मनात इतके खोल उतरावे हा चमत्कार, असे पुढे टीकाकारांनी लिहिले. चमत्कार कसला, आयते पानात वाढलेले होते.

हे भिडस्त, म्हणून संपादकांकडे कथा मीच नेली. ते म्हणाले, “वहिनी, यात घडतं काय? बाई ढवळते, बस्स?”

“नवरा कुणाकडे बघतोय, ते तिला कळतं.”

“पण हे लिहिलंय कुठे?”

“कुठेच नाही. म्हणून तर छापा.”

त्यांनी छापली. नव्या वळणाची पहिली कथा म्हणून गाजली, आणि सारे शहर ओतिलियाला टोपी काढून नमस्कार करू लागले. मुरंबा ढवळताना तुझ्या मनात काय होते, असे मी तिला एकदा विचारले. “काही नाही गं ताई, पाय दुखत होते,” म्हणाली. ती खोटे बोलत नाही, याचाच तर मला राग येतो.

आता नव्या आवृत्तीवर तिचा फोटो येणार आहे. येऊ द्यावा. हात सुंदर आहेत, जीव जळतो तरी नाकारत नाही. हक्कही तिलाच मिळावेत. मात्र पहिल्या पानावर ‘या बाईच्या मनातले सर्व ब्रोनिस्लावाचे’ असे छापावे; नाहीतर कथाच छापू नये.

४. कबरीत तिघांची जागा आहे. हे भिंतीकडे आहेत. मधली जागा माझी. ओतिलिया माझ्याआधी गेली तरी तिला पलीकडे ठेवून मधली रिकामी राखावी. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहू शकत नाही, म्हणून याची प्रत आजच दफनभूमीच्या कचेरीत दिली आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला असून, यातला एकही शब्द दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून प्रत्येक पानावर सही केली आहे.

सही: ब्रोनिस्लावा कोतुल्स्का
साक्षीदार: लुद्विक व्होयनार, वकील, तेक्ला मादेय, शेजारीण
क्राकूव्ह, १४ ऑक्टोबर १९३४