तुमच्या हातचा ठिपका

प्रिय बाबा,

वडिलांना पत्रात तीर्थरूप लिहायचं, एवढं नववीपर्यंतच्या शाळेतलं डोक्यात राहिलंय. आज ते लिहवत नाही. प्रिय मात्र तुम्ही आहात, अन् तेच अवघड होऊन बसलंय. फोनवर बोलता आलं असतं तर कागद हातात घेतलाच नसता, माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. पण मी ट्रॅक्टरचं नाव काढलं की तुम्हाला लगेच ऐकू येईनासं होतं. "आवाज कटतोय रे, आईशी बोल," म्हणता अन् फोन तिच्या हातात देता. पत्र तसं देता येणार नाही. वर तुमचं नाव आहे.

इकडे बरं चाललंय. हिमाचलात डोंगर पोखरून बोगदा काढतायत, आम्ही बाहेर पत्र्याच्या खोल्यांत राहतो. नदीचा आवाज एवढा की टीव्हीसुद्धा ओरडून लावावा लागतो. आईला सांगा, पोळ्या जाड असतात पण पोट भरतं, अन् तिने दिलेला स्वेटर मी खरंच घालतो. माझं काम मशिनी धुवायचं आणि ग्रीस मारायचं. लोडर, डंपर, जनरेटर, सगळ्यांना आंघोळी घालतो. कामावर घेताना साहेबांनी विचारलं होतं, इंजन का काम आता है? मी म्हटलं, नहीं सर, हाथ में नहीं है. तेव्हापासून कुठलंही झाकण उघडलं की मी पोछा घेऊन बाजूला उभा राहतो. हातात पाना घ्यायची हिंमतच होत नाही. ते "हाथ में नहीं है" माझं वाक्य नव्हतं, बाबा. कुणाचं ते तुम्हाला आठवत असेल.

नारायणकाकांच्या गोठ्यातून तो ट्रॅक्टर ट्रॉलीवर घालून आणला, तो दिवस मला अजून दिसतो. काका तुमचे कारखान्यातले दोस्त, रिटायर होऊन बैरसियाकडे शेती बघणारे. त्यांच्या वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर. सीटवर कोंबडी बसायची अन् सायलेन्सरमध्ये गांधीलमाश्यांचं घर होतं. अशोका गार्डनच्या आपल्या गल्लीत तो वळेचना, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या स्कूटर उचलून बाजूला केल्या. आपल्या भिंतीलगतच्या रिकाम्या प्लॉटवर उतरवला तर आई म्हणाली, "एवढं लोखंड आणलंत, आता माझी वाळवणं काय याच्या डोक्यावर टाकू?" आणि समोरचे सक्सेनाजी बनियनवरच बाहेर येऊन म्हणाले, "मिस्त्री साहब, ये चलेगा या अंडे ही देगा?" तुम्ही हसलात. रिटायर झाल्यानंतर तुम्ही तसे पहिल्यांदाच हसलात.

तेव्हा माझं कुठेच मन लागत नव्हतं. पिपलानीच्या गॅरेजमध्ये टिकलो नाही, कुरिअरची पोती वाहिली, बिट्टन मार्केटला मोबाईलच्या दुकानात काचा चिकटवल्या. बाहेर जायचं हेच डोक्यात होतं. अभिजीतदादा पुण्याला गेला तो पाहुण्यासारखा येतो, येताना मिठाईचा डबा आणतो अन् जाताना आईचे डोळे बघत नाही. म्हणून तुम्ही मला अडवणार हे धरूनच चाललो होतो. पण तुम्ही अडवलं नाहीत. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणालात, "हा चालू झाला की जा. मी स्वतः स्टेशनवर सोडायला येतो." मला बरं वाटलं. म्हटलं, बाप पहिल्यांदा बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं बोलला.

खरं सांगू, त्या दिवसांइतका मी कधीच सुखात नव्हतो. वर्गात ज्याला घंटेपर्यंत बसवत नव्हतं, तो मी दुपारभर एका व्हॉल्वला पावडर लावून घासत बसायचो. गंजलेले बोल्ट डिझेलच्या डब्यात भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी ते ढिले झाले की तुम्ही म्हणायचात, "बघ, जोर नाही लागत, धीर लागतो." लोखंड घासायची कानस कशी धरायची ते तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून दाखवलंत. जेवायला बसलो तरी दोघांच्या बोटांना डिझेलचा वास, आणि आई नाक मुरडून दोघांना ताटं वेगळी वाढायची. मला वाटायला लागलं होतं की आपल्याला काहीतरी येतं.

मग इंजिनाच्या पुढचे गिअर बसवायची वेळ आली. तुम्हीच शिकवलं होतं की प्रत्येक गिअरच्या एका दातावर कारखान्यातून ठिपका मारलेला असतो. ठिपक्यासमोर ठिपका आला की डिझेल बरोबर वेळेला पडतं, नाहीतर इंजिन नुसतं खोकतं. डिझेल पंपाच्या गिअरचा ठिपका म्हणे झिजला होता. तुम्ही हातात खूण मारायचा पंच घेऊन सांगितलंत, "मी नवा मारलाय, याच्यावर लाव." मी लावला. इंजिन खोकलं, पांढरा धूर काढला अन् बसलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा तेच. एकदा मी विचारलंही, बाबा, ठिपका बरोबर आहे ना? तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "मग? एवढी वर्षं कारखान्यात काय गवत उपटत होतो?" अन् फिटरच्या खुणेवर शंका घ्यायची नाही, शंका आली तर त्यालाच विचारायचं, हेही तुम्हीच शिकवलेलं. मी विचारलं होतं, बाबा. तुमच्या शिकवण्याप्रमाणेच विचारलं होतं.

शेवटी जुन्या शहरातून पंप दुरुस्त करणाऱ्या सईदभाईंना आणलं. त्यांनी पंप खोलून, तपासून परत दिला आणि सगळ्या गल्लीसमोर म्हणाले, "पंप तो मक्खन है, मियां. अब भी ना उठे तो समझो लौंडे के हाथ में ही नहीं है." लोक हसले. मीही हसलो, काय करणार. पण मी तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही चिंधीने हात पुसत होतात, एकेक बोट, स्वच्छ झालेलंसुद्धा पुन्हा पुन्हा. मी पंप परत त्याच ठिपक्यावर बसवला, इंजिन पुन्हा खोकून बसलं.

त्यानंतर मला त्या प्लॉटकडे बघवेना. ट्रॅक्टर चालू न होताच मी निघालो. तुम्ही स्टेशनवर आला नाहीत, मीही म्हटलं, ठीक आहे, ठरल्याप्रमाणेच झालं, चालूच कुठे झाला?

आता ऐका मला कसं कळलं. मागच्या महिन्यात शेजारच्या अमेयने व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं होतं, "भाई, तेरा हाथी चल पड़ा!" ट्रॅक्टर गल्लीतून चाललाय, लाल रंग नवा कोरा, पुढे झेंडूचा हार, सीटवर तुम्ही. मी आनंदाने आईला फोन केला. ती बिचारी साधी, तिला काय माहीत की ती काय बोलतेय. म्हणाली, "अरे, रंग आत्ता दिला, चालू तर तू गेलास त्याच आठवड्यात झाला होता. बाबा म्हणाले, त्याला सांगू नको, मनाला लावून घेईल. काही नाही रे, तो ठिपका म्हणे एक दात सोडून मारला गेला होता. बाबांनी ते दात्यांचं चाक काढलं, फिरवून लावलं, अन् लागलं धडधडायला." बाबा, ठिपका तुम्ही मारला होता.

मी किती दिवस स्वतःची समजूत घातली की चूक झाली असेल, वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. पण केसाएवढी फट बोटाने ओळखणारा माणूस एक दात चुकत नाही. अन् चुकलाच असता तर मी विचारलं तेव्हा वाकून बघितलं असतं. तुम्ही ठिपक्याकडे बघितलंसुद्धा नाहीत, कारण तुम्हाला माहीत होतं. दादासारखा हाही जाईल, म्हणून केलंत ना? तेवढं मला समजतं, मी मूर्ख नाही. मला "जाऊ नको" म्हटलं असतंत तर मी भांडलो असतो, दार आपटलं असतं, कदाचित राहिलोही असतो. पण तुम्ही माझेच हात माझ्याविरुद्ध उभे केलेत. वरून अमेय सांगतो, तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सांगता, "ये मेरे गौरांग ने बनाया है, एक एक नट उसका कसा हुआ है." सक्सेनाजींना सांगता, दूधवाल्याला सांगता. सगळ्या मोहल्ल्याला खरं माहीत आहे. एक मलाच तुम्ही सांगितलं नाहीत.

आता पत्र का लिहिलं ते सांगतो. इथला मिस्त्री काम सोडून गेला आणि बोगद्यात हवा फेकणाऱ्या पंख्यांचा जनरेटर बंद पडला. दुसरा जनरेटर आहे, पण तो किती दिवस ओढणार, आत माणसं असतात. साहेब आमच्या खोलीत येऊन म्हणाले, कोई है जो खोल सके? माझा हात वर गेला. काल गिअर बसवले. सगळे ठिपके कंपनीचे, जुने, स्पष्ट, समोरासमोर. झाकण लावलं, डिझेल भरलं, आणि चावीवर हात ठेवून तसाच उभा राहिलो. ठिपका खरा आहे यावर माझा विश्वासच बसेना. साहेबांना सांगितलंय, दोन बोल्ट शहरातून यायचेत. ते खोटं आहे. हे पत्र घेऊन जाणारा ड्रायव्हर कुरिअरने पाठवेल, म्हणजे लवकर पोचेल. वाचून झालं की मला फोन करा. आईकडे देऊ नका. माफी मागू नका, तुमच्या तोंडून ती मला ऐकवणार नाही. दूधवाल्याला सांगता तेवढंच मला सांगा, की गौरांग, तू बरोबर लावलं होतंस. मी फोन कानाला धरून चावी फिरवीन. इकडचा आवाज मोठा आहे, तुम्हाला कटल्याशिवाय ऐकू येईल.

रागावलेला, तरी तुमचाच,
गौरांग