पश्चिमेकडे तोंड केलेली दुर्बीण

२८ मार्च १९७०, शनिवार

सगळ्या काष्टी गावानं धूमकेतू पाहिला. मी सोडून!

आज बाजारात बन्सी गवळ्यानं कळवलं. दुधाची घागर खाली ठेवून म्हणाला, "अण्णा, तुमचं शेपटीवालं झ्याक हाय बरं का. धारंला उठलो का रोज बघतो."

रोज! म्हणजे आजचं नव्हे. भाजीवाल्या बायका माना डोलावत होत्या. "लई मोठं हाय. उगवतीला." एकीनं तर विचारलं, "अण्णा, तुमीच आनलं न्हवं का त्ये?"

मी काय केलं? हसलो. "हो, चांगला आहे," म्हणालो. जणू घरचाच मुलगा पास झालाय.

सात वर्षं मी आकाश झाडतोय. सूर्य बुडाला की पश्चिमेचा पट्टा, डावीकडून उजवीकडे, मग एक बोट खाली, मग परत. नवा धूमकेतू सापडला की त्याला शोधणाऱ्याचं नाव मिळतं. 'धूमकेतू गोरक्षनाथ' — एवढ्यासाठी सात वर्षं. आणि हा उगवला पूर्वेला, पहाटे, सगळ्या गवळ्यांच्या साक्षीनं!

धूमकेतू पहाटेही सापडतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गावोगावची माझी समाजसुधारणेची भाषणं रात्री उशिरा संपतात. आठाच्या आत मी कधी उठलेलो नाही. म्हणून संध्याकाळ निवडली, आणि लोकांना तिचं शास्त्रीय कारण सांगत आलो.

२९ मार्च

गजर लावला. जाग आली तेव्हा ऊन तुळशीवर होतं.

बायको, राहीबाई, म्हणाली, "लई हाका मारल्या. तुम्ही म्हणालात, 'आधी समाज जागा होऊ दे.' अन् कूस बदलली."

३० मार्च

उठलो! चार वाजता! घराच्या धाब्यावर, दुर्बिणीपाशी गेलो — आणि कपाळाला हात लावला. दुर्बिणीचा ओटा मीच सिमेंटनं बांधून घेतलेला, पूर्वेला जिन्याची खोली आडवी. दुर्बीण वळते ती फक्त मावळतीकडे. पुण्याच्या जुन्या बाजारातलं भिंग, नगरच्या पत्रेवाल्याकडून करवून घेतलेली नळी, सात वर्षांची मेहनत — आणि तोंड एकाच दिशेला!

रोज चव्हाट्यावर सांगतो, जुन्या सवयी फोडा. सवय फोडायला मला आता छिन्नी-हातोडा लागणार.

जिन्याच्या खोलीवर चढायचा प्रयत्न केला. पत्रा वाजला. शेजारच्या कारभारीनं "चोर! चोर!" म्हणून आरोळी ठोकली. खाली आलो, आणि दिवस उजाडेपर्यंत त्याला समजावत बसलो. धूमकेतू निघून गेला.

३१ मार्च

भाची आली — छबूची बनू. घर दोन गल्ल्या पलीकडे. नुकतीच मॅट्रिकची परीक्षा देऊन मोकळी झालीय. लग्न ठरलंय, घोडेगावच्या आप्पासाहेबांच्या थोरल्याशी. तारीख २४ एप्रिल.

"मामा, काहीतरी बोलायचं होतं," म्हणाली.

मी म्हणालो, "धूमकेतूबद्दलच ना? बस!" आणि सुरू झालो. शेपूट कसलं असतं, सूर्याकडे पाठ करून का पसरतं, सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "किती लांब आहे हो शेपूट?"

"चांगलं लांब."

"मनगटापासून कोपरापर्यंत?"

"साधारण."

"म्हणजे तुम्ही पाहिलाच नाही! वीतभर तर आहे!"

पकडलं पोरीनं! सभेत मला कुणी गप्प केलेलं नाही. कुणाला सांगणार नाही असं तिनं कबूल केलं. उद्या स्वतः येऊन उठवणार आहे.

१ एप्रिल

पाहिला.

बनूनं तोंडावर गार पाणी मारलं, म्हणून पाहिला. मळ्यातल्या विहिरीपाशी उभे होतो. एप्रिल फूल करतेयस का, असं विचारणारच होतो, तेवढ्यात भाद्रपदेच्या चार ताऱ्यांच्या चौकोनाशेजारी तो दिसला. दुर्बीण नाही, काही नाही. नुसते डोळे. खाली टपोरं डोकं, पिवळसर. त्यातून वर गेलेलं शेपूट, जरासं वाकलेलं, कडेला विरत गेलेलं. मागचे तारे त्यातून दिसत होते! ज्यातून तारे दिसतात, ते किती विरळ असेल. आणि तरी सबंध पूर्व त्यानं धरून ठेवली होती.

मान अवघडेपर्यंत मी बघत राहिलो, असं बनूनं नंतर सांगितलं. तिला काळजी वाटली म्हणे.

मग म्हणाली, "मामा, हा परत कधी येणार?"

"आपल्या हयातीत नाही."

"म्हणजे याचंही माझ्यासारखंच. एकदा गेला की गेला."

हसलो. पोरगी विनोदी आहे.

परत येताना विचारू लागली, लोक याला भितात ते कशाला? बांधावरच बसलो आणि सगळं सांगितलं. राजा मरतो, पटकी येते, पाऊस पळतो, गाभण गाई गर्भ टाकतात. "आणि लग्नाचं काही?" असं तिनं विचारलं. त्याचंही सांगितलं — या दिवसांत सून घरात घेतली की घराचं वाटोळं होतं, असं अडाणी माणसं मानतात. "कुणाच्या घराचं? सासरच्या का माहेरच्या?" सासरच्या, म्हणालो. तिनं ते दोनदा म्हणून घेतलं.

असा श्रोता हजारांच्या सभेत मिळत नाही!

३ एप्रिल

बनूचा बस्ता बांधायला नगरला. कापडबाजारात साड्याच साड्या. मी दुकानदाराला हातमागावर व्याख्यान दिलं, त्यानं मला दोनदा चहा दिला. घोडेगावकडून आप्पासाहेबांची विधवा बहीण आली होती. सगळ्यांनी तिला आत्याबाई म्हणायचं आणि तिच्या शब्दाबाहेर जायचं नाही, अशी त्या घरची रीत. बनू तिला कोपऱ्यात घेऊन बराच वेळ कुजबुजत होती. चांगलं जुळलंय दोघींचं.

५ एप्रिल

घोडेगावचा निरोप. कारभारी घेऊन आला. सोयरीक त्यानंच जमवलेली, त्यामुळे तोंड कडू करून उभा. "आप्पासाहेब म्हंत्यात, ते शेपटीवालं वर हाय तवर न्हाई. वर्स जाऊ द्या म्हंत्यात. आत्याबाईंनी लई धसका घेतलाय."

वर्ष! वर्षभर थांबलेल्या लग्नाचं काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

छबू माझ्यावरच उखडली. "दादा, हे तुझ्यामुळं! सगळ्या बाजारात शेपूट-शेपूट करत फिरतोस. न्हायतर कुनाच्या ध्यानात आलं असतं?"

"छबे, तो आभाळात दिसतोय. मी नाही टांगलेला."

"तुझाच सोयरा हाय न्हवं त्यो? मग तूच निस्तर."

निस्तरणार! शुक्रवारी घोडेगावचा जनावरांचा बाजार आहे. तालुका लोटतो. तिथंच उभा राहतो. अंधश्रद्धेनं माझ्या भाचीचं लग्न मोडायचं? मी जिवंत असताना?

७ एप्रिल

पाडवा. गुढी उभारली. बनू पाया पडायला आली. "मामा, शुक्रवारी जाऊ नका ना," म्हणाली. डोळे भरले होते.

माझ्या घशाची काळजी! गुणी पोर.

१० एप्रिल

पहिल्या एस. टी.नं घोडेगाव. छबू हट्टानं बरोबर आली. बाजारात मोकळ्या बैलगाडीवर उभा राहिलो आणि बोललो. काय बोललो! धूमकेतू म्हणजे धूळ आणि बर्फ, हे सांगितलं. त्याच्या भीतीवर कोण कोण पोट भरतं, हेही सांगितलं. "आभाळाला तुमच्या लग्नाची तारीख माहीत नाही!" या वाक्याला तर पागोटी हलली.

मधेच एकजण ओरडला, "बोलतुया झ्याक, पर वाईच बाजूला सरका. बैलाचं दात बघू द्या." मी सरकलो आणि बैलाच्या शेजारून बोलत राहिलो. घसा बसला तेव्हा थांबलो. टाळ्या पडल्या. आप्पासाहेब पुढे आले, हात धरून घरी घेऊन गेले. मनात म्हटलं, जिंकलो.

चहा झाला. आप्पासाहेब शांतपणे म्हणाले, "अण्णा, तुमचं समदं खरं हाय. धूळ हाय, बरफ हाय. पर सून आमच्या घरात यायची हाय. बाजारात न्हाई."

आत्याबाई आतून म्हणाल्या, "बरफ काय, गारांचाबी असतो. पिकाचं काय होतं मग?"

गारा कशा होतात ते सांगायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात छबूनं बशी खाली ठेवली. पदर सावरला. "आप्पासाहेब, एक इचारू? दिवाळीला तुमच्यात केरसुनीला हळदकुंकू लावत्यात का न्हाई?"

"लावत्यात की. लक्षुमी हाय ती."

"मग घरातल्या केरसुनीच्या पाया पडता, अन् आभाळात एवढी मोठी निगाली तर दार लावून बसता? घराची इडापीडा झाडायला आलीय. लक्षुमी दारात अन् तुमी म्हंता, वर्सानं ये!"

आत्याबाई दारात आल्या. आप्पासाहेबांनी डोकं खाजवलं आणि माझ्याकडे वळले. "व्हय का अण्णा? तुमी शिकलेलं. केरसुनीच हाय का?"

सगळे माझ्या तोंडाकडे. छबूचा पाय माझ्या पायावर, चांगला दाबलेला. एका भीतीवर दुसरी समजूत पांघरायची नाही — हे मी तीस गावांत सांगितलं आहे. एक 'नाही' म्हणायचं होतं. तेवढंच. आणि बनूचं लग्न गेलं असतं.

मी म्हणालो, "दिसायला केरसुणीसारखाच आहे. हे खरं."

नारळ फुटला. तारीख तीच, २४.

११ एप्रिल

राहीबाई दिवसभर हसतेय. "सात वर्सांत पहिल्यांदा एक वाक्य बोलून खाली बसलात. अन् तेवढंच कामाला आलं."

कुणी सांगितलं हिला? छबू, दुसरं कोण! संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. बन्सी विचारतो, "अण्णा, शेपटीला हळदकुंकू कुठून लावायचं म्हंता?"

रागावलो होतो. नंतर एकटाच हसलो. लग्न तर वाचलं.

१३ एप्रिल

छिन्नी घेऊन ओटा फोडला. दुर्बीण काढली, खाली अंगणात आणली. आता चारही दिशा मोकळ्या. पहाटे उठून पूर्व झाडली. धूमकेतू उत्तरेकडे सरकलाय, शेपूट फिकं झालंय. दुर्बिणीतून त्याच्या डोक्यात एक बारीक टिंब दिसतं, आणि त्याभोवती पिसारल्यासारखा उजेड. जीव जडतो.

बेनेट नाव आहे त्याचं. पेपरात वाचलं. तिकडे दक्षिण आफ्रिकेतल्या एका हौशी माणसाला सापडला. हौशी! माझ्यासारखाच! फक्त तो बरोबर दिशेला बघत होता, एवढाच फरक. चार शिव्या दिल्या त्याला मनातल्या मनात. मग वाटलं, भेटला तर जेवायला बोलवीन.

बनू पहाटे येत नाही. कामं असतील. लग्नघर आहे.

१५ एप्रिल, रामनवमी

बनू आली. बसली नाही.

"मामा, बस्त्याच्या दिवशी आत्याबाईंच्या कानात ते मीच घातलं. तुम्ही बांधावर सांगितलेलं, जसंच्या तसं. मला नगरला कॉलेजात जायचंय. आई ऐकत नव्हती. तुम्हाला सांगायला आले होते, तर तुम्ही शेपटीबद्दल बोलायला लागलात."

तिला खाली बसवलं आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकलं.

लग्नात मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. २४ तारखेची वाट कशाला बघायची? उद्याच राहतो. सकाळी छबूच्या घरी, मग पहिल्या गाडीनं घोडेगाव. कॉलेजचं बोलणार बनू. मी पाठीमागे. तोंड बंद.