डोळ्यातील नळी जमा करता येत नसल्याबाबत

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
नकाशा विभाग.

विषय : डोळ्यातील औषधी नळी जमा करण्यातून सूट व माझे आरेखनाचे टेबल परत मिळण्याबाबत.
संदर्भ : आपले गेल्या सोमवारचे पत्र व सोबतचे रिकामे पाकीट.

महोदय,

१. मी या विभागात एकोणीस वर्षे नकाशांच्या रेघा ओढते. मधुमेहाने माझ्या डोळ्यांच्या पडद्यांना सूज आली. दरमहा इंजेक्शन घेतले की उतरे, पुन्हा चढे. म्हणून डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात सुईवाटे स्टेरॉइडची नळी सोडली. जिऱ्याहून लहान असलेली ही नळी सुमारे तीन वर्षे थोडे थोडे औषध सोडत राहते. त्या डोळ्याची सूज उतरली आहे, नजर सुधारली आहे. डोळ्यातला दाब तेवढा वरचेवर मोजून घ्यावा लागतो.

२. आपल्या पत्रानुसार चष्मा, श्रवणयंत्र, कवळी इत्यादी साधने काढून कर्मचाऱ्याची मूळ क्षमता तपासायची आहे. त्या यादीत लिपिकांनी माझी नळीही घातली, आणि ती "नग एक, सुस्थितीत" जमा होईपर्यंत मला आवक-जावक खिडकीवर बसवले. पाकीट डॉक्टरांना दाखवले. ते इतके हसले की त्यांनाच डोळे पुसावे लागले. शस्त्रक्रियेशिवाय नळी निघत नाही व काढण्याचे कारणही नाही, असे त्यांनी लिहून दिले आहे. आमच्या ह्यांचे म्हणणे, तुलाच पाकिटात घालून पाठवतो, पोच तेवढी घेऊन ये. मी पाकीट रिकामेच परत करत आहे.

३. नियमाला माझा विरोध नाही. पण या हिशेबाने मधुमेहाची गोळीही उद्या पोटातून काढून द्यावी लागेल. खिडकीवर मी शिक्के मन लावून मारते. तरी टेबल गेल्यापासून मला करमत नाही. असे अर्जात लिहू नये म्हणतात, पण खरे तेच आहे.

४. आता लहान तोंडी मोठा घास घेते. बुधवारी याच प्रकरणाच्या सुनावणीत आपण माझा पहिला अर्ज मान तिरकी करून वाचलात आणि साधनांच्या यादीच्या तक्त्याच्या रेघा वाकड्या छापल्या म्हणून लिपिकांना फैलावर घेतलेत. तो तक्ता मी नंतर पट्टी लावून पाहिला. महोदय, रेघा सरळ आहेत. माझेही असेच सुरू झाले होते. टेबल जाईल या भीतीने मी आठ महिने कोणाला बोलले नाही, आणि तेवढ्यात डाव्या डोळ्याचे जे गेले ते परत आले नाही.

तरी माझ्या टेबलाचा आदेश चार दिवस उशिरा निघाला तरी चालेल. आधी आपण डोळे दाखवून यावे, ही विनंती.

आपली नम्र,
(सही)
अनुरेखक, सध्या आवक-जावक खिडकी
दिनांक : शुक्रवार

सोबत : १) डॉक्टरांचा दाखला.
२) त्यांच्या दवाखान्याचा पत्ता व वेळ, आपल्यासाठी.