रविवारी अंगण झाडणार नाही

जाम, ता. समुद्रपूर, जि. वर्धा
मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५

चि. रजत,

बाबाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. पोळा तोंडावर आलाय, चौकात झुली आणि घुंगरांची दुकानं लागली आहेत. पाऊस येतो, जातो. कपाशी यंदा बरी आहे म्हणतात. आपल्याला शेत नाही, त्यामुळे मी नुसती मान हलवतो.

फोन सोडून कागद का धरला म्हणशील. फोनवर तू ‘हो बाबा, हो बाबा’ करतोस आणि मागे भांडी आदळत असतात. तुमच्या हॉटेलचं किचन कधी बंद होतं की नाही, देव जाणे. म्हणून लिहून, फोटो काढून पाठवतो. अक्षर लागत नसेल तर मोठं करून वाच.

रविवारी भाड्याची गाडी घेऊन ज्वालामुखी बघायला जातोय, सकाळी निघून रात्री परत, असं तू लिहिलंस. आइसलँडला जाऊन लोक बर्फ बघतात, आमचा मुलगा आग बघायला चालला. जा. मी नको म्हणणार नाही. पण जन्मभर जाम-हिंगणघाट काळी-पिवळी जीप हाकणाऱ्याचा मुलगा आहेस, तेव्हा थोडं ऐकावं लागेल.

तिकडे गाडी उजव्या बाजूने चालवतात. चालत्या गाडीत ते लक्षात राहतं. घोळ होतो तो थांबून पुन्हा निघताना. माणूस उतरतो, फोटो काढतो, चहा पितो, आणि परत बसला की हात जुन्या सवयीने गाडी डावीकडे घेतात. म्हणून दरवेळी निघताना तोंडाने ‘उजवीकडे’ म्हण. कोणी हसलं तर हसू दे. डांबर संपून गिट्टी लागेल तिथे वेग आधीच कमी कर, गिट्टीवर चढल्यावर ब्रेक दाबू नको. टाकी अर्धी झाली की पंप दिसेल तिथे भर, पुढे मिळेल या भरवशावर राहू नको. डोंगराजवळ दोरी बांधली असेल तर तिच्या अलीकडे उभा राहा. फोटो अलीकडूनही येतात.

आणि ते पाण्याचं. रस्त्यात ओढे आहेत, पूल नाहीत, गाडी पाण्यातूनच काढायची, हे तू मजेत लिहिलंस. मी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. पुराच्या नाल्यात गाडी घालणारे मी पाहिले आहेत. गुडघाभर तर पाणी आहे, असंच सगळे म्हणतात. तळ दिसला नाही तर घालायची नाही. समोर दुसरी गाडी पार होताना डोळ्यांनी बघायची, मगच आपली. दुसरी गाडी आलीच नाही तर काठावर बसून डबा खा आणि मागे फिर. ज्वालामुखी तुझ्यावर रुसणार नाही.

तू ‘आम्ही जाणार’ असं लिहिलं आहेस. सोबत, सरावाला एक दिवस आणलेल्या गाडीचा फोटो पाठवलास. छान आहे गाडी. पण ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर तुझी बॅग आहे, मागच्या सीटवर जाकीट पसरलंय आणि चहाचा थर्मास एकच आहे. चालवणाऱ्याची नजर आधी सीटकडे जाते रे, किती माणसं बसली ते बघायला. मी तुला विचारणार नाही. तुला वाटेल तेव्हा सांग.

आता माझं सांगतो. ओरडू नकोस.

परवा मी गिरडला गेलो होतो. जीप घेऊन. होय, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर आणि शुगर निघाल्यावर गाडीला हात लावणार नाही असं तुला कबूल केलं होतं, ते मला आठवतं. पण तुझं पत्र वाचल्यावर घरात बसवेना. लहानपणी तू गिरडच्या टेकडीवरून सुपारीएवढे गोल दगड खिसे भरभरून आणायचास. तुझ्या आईने एकदा चड्डी धुवायला घेतली आणि बादलीत दगड वाजले. तुमच्या भूगोलाच्या सरांनी सांगितलं होतं की आपला हा काळा दगड म्हणजे फार जुन्या काळी वाहत आलेला आणि थिजलेला रस आहे. तेव्हा तू घरभर सांगत फिरायचास की आपण ज्वालामुखीवर राहतो. म्हटलं, मुलगा त्याच्या ज्वालामुखीला जातो तर आपण आपल्या जाऊन येऊ.

टेकडी हिरवीगार आहे सध्या. जीप खाली लावून सावकाश चढलो. शेख फरीदबाबांच्या दर्ग्यात डोकं टेकवलं, प्रसादाच्या शिरणीची पुडी घेतली, थोडा वेळ वरून शेतं बघत बसलो. एक दगड तुझ्यासाठी उचलला आणि मग परत ठेवला. तुला कुठे पाठवणार तो?

येताना समुद्रपूरच्या अलीकडे घाम फुटला. हात कापायला लागले, रस्ता डोळ्यांसमोर हलू लागला. सकाळी गोळी घेतली होती आणि जेवायचं राहून गेलं होतं. मी गाडी बाजूला घेतली, बंद केली, हँडब्रेक ओढला. एवढं हातांनी आपोआप केलं. मग खिशातून फोन काढला आणि यशोदाला लावला.

हो, तुझ्या आईला. तिचं नाव अजून सगळ्यात वर आहे. तिचा फोन कपाटात साड्यांखाली बंद पडलाय, मीच ठेवलाय. फोनमधली बाई तेच सांगत होती आणि मी ऐकत होतो. मग डोकं थोडं ताळ्यावर आलं आणि विचार केला की दुसऱ्या कोणाला लावावं. तुला लावून काय होणार, तू समुद्रापार. इथे मी कुठे गेलोय हेच कोणाला माहीत नव्हतं. मी त्या जीपमध्ये तसाच पडून राहिलो असतो तर कोणी मला शोधायला निघालंही नसतं. मला मरणाची भीती नाही वाटली. माझी कोणी वाट बघत नाही, याचं फार वाईट वाटलं.

शिरणीची पुडी खिशात होती. सवयीने घरी न्यायला घेतली होती, तिला दर्ग्यातली शिरणी लागायचीच. ती सगळी मी तिथे बसून खाल्ली. साखर पोटात गेल्यावर हळूहळू बरं वाटलं. मग अगदी बैलगाडीच्या चालीने घरी आलो.

तुझ्या आईचा नियम तुला माहीत आहे. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की मागे झाडू फिरवायचा नाही. झाडलं तर त्याची वाट पुसली जाते म्हणायची. मी रोज गाडीवर, म्हणजे रोज हाच प्रकार. पहाटे माझ्या आधी उठून झाडायची, आणि राहिलं तर दिवसभर तसंच. वळणावर माझा हॉर्न ऐकला की मग झाडू हातात. मी चिडवायचो की हिंगणघाट काय अमेरिका आहे का. ती म्हणायची, घराबाहेर पडला की सगळं सारखंच लांब.

ती गेल्यापासून अंगण शेजारच्या सखूकाकू झाडतात. कवडूच्या आई. स्वतःचं झाडता झाडता आपल्याकडे येतात, मी काही सांगितलं नव्हतं. रोज ऊन वर यायच्या आत लख्ख. परवा मी परत आलो तर अंगणभर कडुनिंबाचा पाला. त्यांच्याही दारात तसाच. आधीच जीव आंबला होता, त्यात ते दिसलं आणि माझं डोकं फिरलं. त्या ओट्यावर बसल्या होत्या, झाडू भिंतीला टेकवलेला.

मी म्हटलं, “सखूबाई, आज अंगण काऊन नाई झाडलं?”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, “भाऊजी, तुमी गाडीवर गेलते ना. पोहोचल्याबिगर कशी झाडू?”

मी जीपची चावी उगाच खिशात शोधत राहिलो, ती हातातच होती. त्या उठल्या, झाडू घेतला आणि कंबरेला पदर खोचता खोचता म्हणाल्या, “सकाळपासून बसून राह्यली मी. वहिनी असती तर तुमाले धरून बोलली असती. आता कुठं जायचं असन तर सांगून जाजो.” आणि झाडायला लागल्या.

मी आत जाऊन रडलो, रजत. तुझी आई गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो, तेव्हा माणसं होती घरात. मग तोंड धुऊन जेवायला बसलो. त्यांनीच भाकर आणि झुणका पाठवला होता, वर निरोप, की औषध जेवून घ्यायचं असतं.

जीप विकायला काढली आहे. कवडूला सांगितलं, तो गिऱ्हाईक बघतोय. आता कुठे जायचं तर एसटीने जाईन आणि सखूकाकूंना सांगून जाईन.

हे सगळं लिहायचं कारण रविवार. तिकडे तुझ्या शेजारी कोण राहतं मला ठाऊक नाही. तू एकटा जाणार आहेस असं मला वाटतं, आणि ते मला सांगायला तुला बरं वाटलं नसेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मीही एकटाच गेलो होतो. पण निघताना हॉटेलात एकाला तरी सांग, कुठला रस्ता धरणार, कधी परतणार. तो तुझी भाषा बोलणारा नसला तरी चालेल. आणि मला सांग.

सखूकाकूंना मी तुझं सांगितलं आहे. ज्वालामुखी म्हणजे काय ते त्यांना पुरतं पटलं नाही, तिथे पोराने कशाला जायचं असं विचारत होत्या. पण रविवारी दोन्ही अंगणं तशीच राहतील. तू परत खोलीवर पोहोचशील तेव्हा इकडे सोमवार उजाडायला आला असेल. मी जागाच असतो तेव्हा. दोन ओळी लिहायची गरज नाही, ‘पोहोचलो’ एवढंच पाठव. मग मी दारात जाऊन त्यांना सांगतो, झाडा आता.

आणि एक मागणं आहे. पुढच्या महिन्यात मी डोळे दाखवायला सेवाग्रामला जाणार आहे. निघताना तुला कळवीन. तुझ्या खोलीत झाडू असेलच. माझा निरोप येईपर्यंत त्याला हात लावू नकोस.

‘जातो’ म्हणून निघू नकोस. ‘येतो’ म्हण.

पालापाचोळ्यात उभा राहून तुझी वाट बघणारा,
बाबा