मागच्या फाटकाची कडी

मी, शालन कुंडलिक भालेराव, वय एकाहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार मानपाडा, डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलगा राजरत्न याला तरीही शंका आलीच, तर त्याने कलम दोन वाचावं आणि तपासणी कोणाच्या डोक्याची करायची ते ठरवावं.

१. राहतं बैठं घर, बँकेतल्या ठेवी व दागिने राजरत्न आणि सूनबाई रचना यांना समान. रचना माझ्या पाट्या-वरवंट्याला "शोपीस" म्हणते, म्हणून तो खास तिला. शोकेसमध्ये मावतो का बघावं.

२. घरामागची मोकळी जमीन राजरत्नला मिळणार नाही. ती मी माझ्या पगारातून वेगळी घेतली. माझे यजमान कै. कुंडलिक यांनी खडवलीहून शेणखताची पोती आणून त्या मुरमाची माती केली. आज तिथे कोथिंबीर, पुदिना, गवती चहा, आलं आणि कढीपत्ता आहे. राजरत्नचा बेत असा : "आई, तुझ्यानंतर तिथे पेव्हर ब्लॉक टाकू. गाडी मस्त बसेल." हे तो बोलला तेव्हा मी त्याच्याचसाठी चटणी वाटत होते.

मी म्हटलं, अरे, निदान एक वाफा करून बघ. साहेबांनी केला. धणे रगडून, दोन फोडी करून पेरायचे, हे मी सांगू लागले तर म्हणे, "यूट्यूबवर बघितलंय गं!" आणि रचनाने मसाल्यासाठी भाजून ठेवलेले धणे पेरले. महिनाभर मनापासून पाणी घातलं. उगवलं काही नाही, आणि दोष बियाण्याला दिला.

३. शेजारच्या सौ. हेमा टिपणीस रोज पहाटे परडी घेऊन, "देवाला फुलं" म्हणत, माझ्या मागच्या फाटकातून आत शिरतात. माझ्याकडे फुलझाड एकही नाही. परडीत वर त्यांच्याच अंगणातली जास्वंद असते आणि खाली माझी कोथिंबीर. टिपणिसांच्या देवाला चटणी फारच आवडत असावी.

पण बाईंचा हात चांगला आहे. पुदिन्याचा नुसता शेंडा खुडतात, गवती चहा मुळासकट उपटत नाहीत. मागल्या उन्हाळ्यात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी कल्याणला दवाखान्यात होते. बाग जळून गेली असणार, असं धरूनच घरी आले. बघते तर वाफे ओले. राजरत्न म्हणाला, "मीच घालत होतो ना पाणी." कढीपत्त्याखाली हिरवी बादली पडली होती, तिच्यावर रंगाने 'टिपणीस' लिहिलेलं. मला त्या दिवशी रडू आलं. हेमाला मी तसं काही बोलले नाही. बादलीही परत केली नाही.

४. सबब ती जमीन, खुरपं, झारी आणि कढीपत्त्याचं झाड हेमा टिपणीस यांना देत आहे. तिथे पेव्हर ब्लॉक लागू नयेत, एवढीच अट. राजरत्नला कोथिंबीर लागलीच, तर त्याने परडी घेऊन पहाटे उठावं. हेमाला साक्षीदार करता येणार नाही, असं वकील म्हणाले. बरंच झालं, नाहीतर सहीचं पेनही परडीतून गेलं असतं.

५. हिरवी बादली तिची तिला परत द्यावी.

६. हेमाला वाटतं, मागच्या फाटकाची कडी मोडकी आहे. कडी धडधाकट आहे. रात्री मी ती लावते आणि पहाटे हेमा यायच्या आधी उठून काढून ठेवते. मी गेल्यावर एखाद्या पहाटे फाटक ढकलून उघडलं नाही, तर तिने परत फिरू नये. वरून हात घालून कडी काढावी आणि आत यावं.

लिहून देणार : शालन कुंडलिक भालेराव (सही)

साक्षीदार :
१) संचिता राकेश म्हात्रे, समोरच्या घरात राहणार (सही)
२) विश्राम अनंत सोहोनी, टेलिफोन खात्यातले जुने सहकारी (सही)

मानपाडा, डोंबिवली पूर्व
९ जानेवारी २०२५