हायपोनंतर तासभर पाणी

८ एप्रिल
निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी आज पुन्हा नोकरीवर! मोशीतल्या आमच्या नव्या सोसायटीत वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून तनुजाचा स्टुडिओ आहे. पोरगी दीडशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीने फोटो छापते. कागदाला मिठाचं पाणी, त्यावर चांदीचं द्रावण, मग निगेटिव्ह ठेवून काचेखाली उन्हात. चित्र उमटलं की हायपोच्या द्रावणात बुडवून पक्कं करायचं आणि तासभर वाहत्या पाण्यात धुवायचं. शेवटची दोन कामं माझी. आधीची मदतनीस हायपो अंदाजाने वापरायची, सगळे कागद उजेडात काळवंडले म्हणे. अंदाजाने! तनुजाला घड्याळाची पक्की बाई हवी होती. तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय, मिनिट चुकणार नाही.

११ एप्रिल
नेच्याच्या पानांचे सहा प्रिंट. सहाहींच्या कोपऱ्यात तोच डाग. ब्रश नीट धुतला नसणार, असं तनुजाला सुनावलं. ती सॉरी म्हणाली. सॉरीने कागद पांढरा होत नाही, हेही सांगितलं.

१५ एप्रिल
निगेटिव्ह बदलल्या, हायपो ताजा केला. डाग आहेच. आता तो डाग म्हणवत नाही. दोन वेण्या, शाळेचा पिनाफोर, सरळ उभी मुलगी. हायपोत बाकीचं चित्र फिकटलं, ती मात्र ठळक झाली. आणि धुण्याच्या ट्रेमधलं पाणी: नळ पूर्ण सोडलेला, तरी तासाभराने ट्रे अर्धा. प्लंबर बघून गेला, गळती नाही.
तनुजाने विचारलं, मुलगी ओळखीची आहे का. मी नाही म्हणाले.

१६ एप्रिल
खोटं बोलले. ती करिष्मा. चौथी ब.
वडील परभणीहून कंपनीत कामाला आलेले, पोरीच्या तोंडात इंग्रजी बसेना. शाळेत मराठी बोललं की शिक्षा, हा नियम माझा नव्हता. पण तो माझ्याइतका कडक कुणीच पाळला नाही. एप्रिलच्या दुपारी तिने वर्गात मराठीत पाणी मागितलं. इंग्रजीत मागशील तेव्हा मिळेल, असं सांगून मी तिला मैदानात उभं केलं. मग स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले आणि विसरले. दोन तास. ती संध्याकाळी दवाखान्यात वारली.
चौकशीत मी म्हणाले, दहा मिनिटांनी मुलीला आत आणा, असं शिपाई आबाजींना सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं. त्यांची नोकरी गेली. मला पुढे आदर्श शिक्षिकेची शाल मिळाली.
हे आजवर कागदावरसुद्धा लिहिलं नव्हतं.

१८ एप्रिल
आबाजी इथेच, जुन्या गावठाणात राहतात. मी भेटायला गेले. ऐंशीच्या पुढचे, पण मला लगेच ओळखलं, सुनेला चहा टाकायला लावला. मी तो विषय काढला. म्हटलं, त्या दिवशी मी तुम्हाला खरंच सांगितलं होतं का, आठवतं? त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.
“व्हय बाई, सांगितलं व्हतं की. मीच इसरलो. तुमी कशाला जिवाला लावून घेता? त्या पोरीचं पाप माज्या डोक्यावर हाय.”
तीस वर्षांत माझं खोटं त्यांना आठवायला लागलंय.
तोंड उघडलं. मग चहा प्यायले. साखर कमी आहे म्हणाले, आणि घरी आले. मी, दुसऱ्यांच्या मुलांना खरं बोलायला शिकवणारी.

१९ एप्रिल
आज ती कागदाच्या मधोमध. पान नाही, फूल नाही, फक्त ती. ओठ फुटलेले दिसतात — एवढं बारीक या पद्धतीत उमटत नाही, तनुजा म्हणते.
ट्रे कोरडा. नळ चालू.
आबाजींना फोन लावला. “बोला बाई” म्हणाले. मी ठेवून दिला.

२० एप्रिल, दुपार
आज करिष्मा नाही. तिच्या जागी जाड बाई, चष्मा, माझी साडी. हायपोत घातला — तशीच —
खोलीत बसलेय, वर स्लॅब आहे. तरी डोक्यावर ऊन. टाळू भाजतेय. जीभ टाळ्याला —
तनुजा समोरच आहे. पाणी मागितलं. ती बघते, ऐकते, पण कळत नाही तिला. इंग्रजीतही मागितलं — तरी —
बोटं काळी पडताहेत. मनगटापर्यंत —
तनुजा, हे वाचशील तेव्हा आबाजींकडे जा. आजच जा. त्यांना सांग, तुम्ही विसरला नव्हतात. बाईंनी तुम्हाला सांगितलंच नव्ह